व्हेअरॅज: नोटिशीत ‘ज्याअर्थी’, निबंधात ‘याउलट’

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बँकांच्या ‘कब्जा सूचना’ छापून येतात. कर्ज थकलं, बँकेनं घर ताब्यात घेतलं, त्याची ही जाहीर खबर. बारीक टाइप, मालमत्तेचं वर्णन, चतुःसीमा. पूर्वेस अमुक आणि पश्चिमेस तमुक वाचायच्या खूप आधी, अगदी सुरुवातीला एक शब्द येतो: ‘ज्याअर्थी’.

अशा नोटिशींचं इंग्रजीतून मराठी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सुरुवातीच्या काळात मुद्रितं तपासायला एक काका होते, मराठीचे निवृत्त मास्तर. माझी पहिलीच कब्जा सूचना त्यांनी परत आणून टेबलावर ठेवली. म्हणाले, “अहो, हे ‘ज्याअर्थी’ आलं, पण त्याचं ‘त्याअर्थी’ कुठे सांडलंत?”

मी मजकूर पुन्हा वाचला. ज्याअर्थी, खाली सही करणार हे बँकेचे प्राधिकृत अधिकारी असून त्यांनी २००२ च्या कायद्यान्वये मागणी सूचना काढून कर्जदारास ६० दिवसांत रक्कम भरण्यास सांगितले होते. पूर्णविराम. मग नवं वाक्य: कर्जदाराने रक्कम न भरल्याने कर्जदारास व सर्वसाधारण जनतेस सूचना देण्यात येते की... ‘त्याअर्थी’ खरंच नव्हतं. काकांना मूळ इंग्रजी दाखवलं. तिथेही नव्हतं. नियमांना जोडलेल्या छापील नमुन्यातच वाक्य ‘व्हेअरॅज’ (whereas) या इंग्रजी शब्दानं सुरू होतं आणि अर्ध्यावर पूर्णविराम देऊन मोकळं होतं. इंग्रजीत ते चालून जातं, मराठीत मात्र ‘ज्याअर्थी’ म्हटल्यावर कान ‘त्याअर्थी’ची वाट बघत बसतो. जोड्यातला एकच जोडा घालून कुणी दारात उभं राहावं, तसं.

तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलो.

‘व्हेअरॅज’ आपल्याला प्रथम भेटतो शाळेत, व्याकरणाच्या तासाला. राम उंच आहे, व्हेअरॅज श्याम बुटका आहे. समोर अर्थ लिहिलेला: याउलट. एवढं पाठ करून आपण मोठे होतो. मग एखाद्या दिवशी दिवाणी न्यायालयाचं समन्स दारात येतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला समन्सचा नमुना जोडलेला आहे आणि त्याचा पहिला शब्द आहे व्हेअरॅज. अमक्यानं तुमच्यावर दावा लावला आहे, तरी तुम्ही हजर राहा, असा सगळा मजकूर. शाळेतला अर्थ घेऊन वाचायला गेलं तर ‘याउलट, अमक्यानं तुमच्यावर दावा लावला आहे.’ कशाच्या उलट? आधी तर काहीच बोलणं झालेलं नाही!

इथे हा शब्द दुसऱ्याच कामावर आहे. या जागी त्याचा अर्थ ‘अशी अशी वस्तुस्थिती असल्यामुळे’. पुढे जो हुकूम, जे वचन किंवा जो ठराव यायचा आहे, त्याच्यासाठी आधी जमीन सपाट करून घेणं हे त्याचं काम. मराठी कायदेभाषेनं त्यासाठी ‘ज्याअर्थी’ घेतलं. शासनाच्या अधिसूचना पाहा: ज्याअर्थी असं आहे, आणि ज्याअर्थी तसं आहे, त्याअर्थी, आता, अमुक कलमाद्वारे प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून... त्यातलं ‘त्याअर्थी, आता’ म्हणजे इंग्रजीतलं ‘नाऊ, देअरफोर’. ही जोडी जिथे पुरी असते, तिथे वाक्य कितीही लांब असो, वाचणारा धापा टाकत का होईना, पण पोचतो.

आता हा शब्द आला कुठून ते बघू. त्याचे दोन तुकडे पडतात: ‘व्हेअर’ आणि ‘अ‍ॅज’. पहिला म्हणजे साधं ‘कुठे, जिथे’. दुसरा दिसतो चिमुकला, पण तो झिजून चिमुकला झालाय. जुन्या इंग्रजीत ‘ऑल’ आणि ‘सो’ मिळून एक शब्द होता, ‘अगदी तसं’ अशा अर्थाचा. त्याची एक शाखा झाली ‘ऑल्सो’, आणि दुसरी बोलण्यात घासत घासत उरली नुसती ‘अ‍ॅज’. म्हणजे ‘ऑल्सो’ आणि ‘अ‍ॅज’ सख्खे भाऊ, एक धडधाकट राहिला, दुसरा वाळला.

चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हे दोन तुकडे शेजारी शेजारी लिहिलेले सापडतात, आणि अर्थ अगदी सरळ असतो: जिथे. जिथे तो झोपला होता, जिथे नदी वळते, त्यातलं ‘जिथे’. ‘अ‍ॅज’ नुसता जोर देण्यापुरता. त्या काळी ‘व्हेन’लाही अशीच ‘अ‍ॅज’ची शेपटी लावत.

जागा दाखवणारा शब्द कारण कसा दाखवू लागला, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. आपण रोज तेच करतो. ‘जिथे खुद्द सरपंचच गप्प बसले, तिथे आपण काय बोलणार?’ या वाक्यातलं ‘जिथे’ नकाशावर दाखवता येईल का? सरपंच गप्प बसले ही परिस्थिती हीच एक जागा झाली, त्या जागेवर उभं राहून पुढचं बोललं जातंय. इंग्रजीतही हेच झालं. ‘जिथे’चा अर्थ ‘ज्या परिस्थितीत’ झाला, त्यातून ‘अशी परिस्थिती असल्यामुळे’ निघाला. काळ दाखवणाऱ्या शब्दांचंही असंच होतं. इंग्रजी ‘सिन्स’ आधी ‘तेव्हापासून’ होता, मग ‘कारण’ही झाला. आपलं ‘असताना’ घ्या. ‘पाऊस पडत असताना आम्ही पोचलो’ यात वेळ आहे. ‘मी एवढं बजावलं असताना तू गेलासच’ यात घड्याळाचा काही संबंध नाही, तिथे कुणीतरी डोळे वटारून उभं आहे.

पण नुसता अर्थ सरकला म्हणून हा शब्द प्रत्येक करारनाम्याच्या कपाळावर जाऊन बसला नसता. त्याला तिथे नेलं भाषांतरानं, म्हणजे माझ्याच धंद्यानं.

मध्ययुगात इंग्लंडचे कायदे इंग्रजीत नव्हते. सनदा आणि न्यायालयांची दप्तरं लॅटिनमध्ये, पुढे कायदे फ्रेंचमध्ये. गंमत अशी की, न्यायालयात तोंडी बोलणं इंग्रजीत व्हावं असा कायदा १३६२ मध्ये झाला, तोही लिहिला फ्रेंचमध्येच. लॅटिन सनदेत पार्श्वभूमी सांगताना वाक्य ‘कुम’ या शब्दानं उघडत. हा फार सोयीचा शब्द. त्याचे अर्थ तीन: जेव्हा, ज्याअर्थी, आणि असं असूनही. आपल्या ‘असताना’चा लॅटिन चुलतभाऊच म्हणा. फ्रेंच कायद्यांतही त्याच कामाचा एक शब्द होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, १४८० च्या दशकात, कायदे इंग्रजीत लिहिले जाऊ लागले तेव्हा कारकुनांना या दोन्हींच्या जागी बसेल असा इंग्रजी शब्द हवा होता. ‘व्हेअरॅज’ हाताशी होता. न्यायालयाची लेखी दप्तरं तर १७३३ पर्यंत लॅटिनमध्येच राहिली. ती इंग्रजीत आणल्यावर तिथेही ‘कुम’च्या खुर्चीवर हाच जाऊन बसला. एकेका दाव्यात डझनावारी.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो, त्याकडे येतो.

‘व्हेअरॅज’ नुसता जुनाट नाही, तो हुशार आहे. त्याच्या पुढे जे येतं ते तो ‘असं आहे’ म्हणून मांडत नाही. मांडलेली गोष्ट माणूस खोडू शकतो: नाही, असं नाही! ‘ज्याअर्थी असं आहे’ म्हटलं की ते आधीच ठरलेलं असतं, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष पुढच्या ‘त्याअर्थी’कडे लागतं. खोडायला जागाच राहत नाही. घरी हे करून बघा. ‘तू उशिरा आलास’ म्हटलं तर भांडण लागतं. ‘ज्याअर्थी तू उशिरा आलास, त्याअर्थी भाजी तू चिर’ म्हटलं की भांडण भाजीवर होतं, आणि उशिराचा मुद्दा गुपचूप मान्य झालेला असतो.

इंग्लंडमध्ये १३४८-४९ ची प्लेगची साथ येऊन गेली. माणसं इतकी मेली की शेतात राबायला हात उरले नाहीत, आणि जे उरले ते साहजिकच जास्त मजुरी मागू लागले. जमीनदारांनी १३५१ मध्ये पार्लमेंटकडून मजुरांविरुद्ध कायदा करून घेतला: मजुरी साथीच्या आधी, १३४६ च्या सुमारास होती तीच. हा कायदा फ्रेंचमध्ये आहे, आणि इंग्रजी भाषांतराची सुरुवात अर्थातच ‘व्हेअरॅज’नं होते. पुढे काय येतं? साथीनंतर आळशी बसलेल्या आणि अवाच्या सवा मजुरीशिवाय काम करायला तयार नसलेल्या नोकरांच्या ‘दुष्टपणा’विरुद्ध पूर्वी हुकूम काढला होता, वगैरे. मजूर दुष्ट आहेत की नाहीत, ही चर्चा कायद्यात कुठेच नाही. ती ‘व्हेअरॅज’नं दारातच मिटवली.

हिंदुस्थानात हा शब्द कंपनी सरकारबरोबर आला. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याचा आरंभ बघा. १ नोव्हेंबरला लॉर्ड कॅनिंगनं अलाहाबादेत तो वाचला. आजवर कंपनीकडे आमच्या वतीनं सोपवलेल्या हिंदुस्थानातल्या मुलखाचं राज्य, ‘व्हेअरॅज, नाना वजनदार कारणांसाठी’ आम्ही स्वतःकडे घेण्याचं ठरवलं आहे. त्याअर्थी आता आम्ही जाहीर करतो की... नाना वजनदार कारणं कोणती? त्यांचं नाव नाही. सत्तावन्नचा उठाव, कंपनीचा कारभार, यातलं काही त्या पहिल्या वाक्यात नाही. कारणं आहेत, वजनदार आहेत, एवढं कळलं म्हणजे रयतेला पुरे.

दोनच वर्षांनी आलेला दंड संहितेचा कायदा १८६० चा. त्याचीही सुरुवात तीच: ज्याअर्थी हिंदुस्थानासाठी एक सर्वसाधारण दंड संहिता करणं इष्ट आहे. हे ‘इष्ट आहे’ इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांचं पालुपदच. करार कायदा, पुरावा कायदा, भूसंपादन कायदा, सगळ्यांच्या तोंडी तेच. कुणाला इष्ट, ते विचारायचं नाही.

आणि १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. ज्याअर्थी काही ‘गुन्हेगार जमातीं’ची नोंदणी, त्यांच्यावर पाळत आणि नियंत्रण यांची तरतूद करणं इष्ट आहे. वाक्य पुन्हा वाचा. इष्ट आहे असं जे म्हटलंय ते नोंदणीबद्दल. अख्खी जमातच्या जमात गुन्हेगार असते, हे कुठे म्हटलेलंच नाही. ते वाक्यात आधीच येऊन बसलंय. कुणाला नाकारायचं असतं तरी त्यानं कोणत्या शब्दावर बोट ठेवायचं? हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली गेली, त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पारध्यांच्या पोरांना अजून पोलीस चौकीत पहिला प्रश्न काय विचारतात, ते मात्र त्या पोरांनाच विचारा.

सगळे ‘व्हेअरॅज’ असे डाव टाकणारे नसतात, हेही सांगायला हवं. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याची सुरुवात मी जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा मला ती आवडते. त्यात तीन पायऱ्या आहेत. ज्याअर्थी न्यायालयं आज जो कायदा लावतात, त्यानुसार एकदा लग्न झालेल्या हिंदू विधवेला काही अपवाद सोडता पुन्हा लग्न करता येत नाही. ज्याअर्थी अनेक हिंदूंना वाटतं की हे रूढीला धरून असलं तरी धर्माच्या खऱ्या अर्थाला धरून नाही, आणि ज्यांना सदसद्विवेकानं वेगळी रूढ धरायची आहे त्यांना कायद्यानं अडवू नये असं त्यांचं म्हणणं आहे. आणि ज्याअर्थी त्यांना या बंधनातून सोडवणं न्याय्य आहे. म्हणून हा कायदा. इथे काही लपवलेलं नाही. रूढी विरुद्ध आहे हे कायदा स्वतःच्या तोंडानं कबूल करतो आणि मग पुढे जातो. ईश्वरचंद्र विद्यासागरांची अख्खी लढाई त्या तीन ‘ज्याअर्थीं’मध्ये दिसते. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी पुढच्या दशकात जी चळवळ उभी केली, ती याच कायद्याच्या आधारावर.

स्वतंत्र भारतात हा शब्द कमी झाला, गेला नाही. संविधानाच्या उद्देशिकेत तो नाही. ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणताना कुठलीही वजनदार कारणं आधी मांडायची गरज वाटली नसावी. उलट संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मात्र एका मागोमाग एक सात ‘व्हेअरॅज’ आहेत, आणि शेवटी ‘नाऊ, देअरफोर’. आपला २००५ चा माहिती अधिकार कायदाही असाच उघडतो, आणि तो वाचण्यासारखा आहे. ज्याअर्थी लोकशाहीला माहीतगार नागरिक आणि पारदर्शकता लागते. आणि ज्याअर्थी माहिती उघड करणं दुसऱ्या काही सार्वजनिक हितांशी भिडण्याची शक्यता आहे. आणि ज्याअर्थी लोकशाहीचं श्रेष्ठत्व राखून या भिडणाऱ्या हितांचा मेळ घालणं आवश्यक आहे. म्हणजे फिर्यादीचं ‘ज्याअर्थी’ आणि बचावाचंही ‘ज्याअर्थी’, दोन्ही एकाच पानावर. माहिती अधिकाराच्या अर्जावरून आजवर जी भांडणं झाली, त्यांचा आराखडा तिथेच काढून ठेवलाय.

दंड संहितेचं ‘व्हेअरॅज’ मात्र १ जुलै २०२४ ला सुट्टीवर गेलं. त्या दिवशी लागू झालेली भारतीय न्याय संहिता ‘ज्याअर्थी’ न म्हणता सरळ सुरू होते.

आता शाळेतल्या अर्थाचं काय? ‘याउलट’ कुठून आलं? त्याच घरातून. दोन परिस्थिती शेजारी शेजारी ठेवल्या की त्या कधी एकमेकींना आधार देतात, कधी एकमेकींना पाडतात. जुन्या दाव्यांत वकील लिहायचे: ज्याअर्थी प्रतिवादीनं अमुक वचन दिलं होतं, तरीही त्यानं तमुक केलं. इथेच ‘ज्याअर्थी’ ‘तरीही’च्या कुशीत शिरला. पुढे त्या ‘तरीही’ची गरज उरली नाही, विरोध ‘व्हेअरॅज’मध्येच मुरला. ‘कुम’च्या तिसऱ्या अर्थाची आठवण ठेवा, म्हणजे यात नवल वाटणार नाही.

मात्र ‘याउलट’ हे भाषांतर मला फारसं पटत नाही. ते वाजवीपेक्षा जास्त भांडखोर आहे. ‘मोठ्या भावानं नोकरी धरली, व्हेअरॅज धाकट्यानं शेती’ यात उलट काय आहे? दोघांनी दोन वाटा धरल्या, इतकंच. अशा ठिकाणी मराठी माणूस बोलताना काय म्हणेल? ‘मोठ्यानं नोकरी धरली, तर धाकट्यानं शेती.’ हा ‘तर’ म्हणजे नेमका ‘व्हेअरॅज’. आणि हाच ‘तर’ ‘पाऊस आला तर जाऊ नको’मध्ये अट आणि परिणाम जोडतो. दोन अक्षरी मोलकरणीकडून आपणही दोन घरची कामं करून घेतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. शब्दकोशांनी ‘तर’ला ‘व्हेअरॅज’समोर बसवलं, तर पोरांची इंग्रजी वाक्यं निम्मी सुधारतील.

‘ज्याअर्थी’तही थोडी खोच आहे. बोलीत आपण ते अनुमानासाठी वापरतो. ‘ज्याअर्थी चपला बाहेर आहेत, त्याअर्थी तो घरातच आहे.’ चपला दिसल्या, त्यावरून अंदाज बांधला. अधिसूचनेत मात्र अंदाज नसतो, हुकूम असतो. संस्कृतातलं ‘यस्मात् – तस्मात्’ या कामाला जास्त जवळचं. तरीही भाषांतरकारांनी ‘ज्याअर्थी’ घेतलं ते बरं केलं असं मला वाटतं, कारण त्याची दुसरी बाजू कुणाला विसरता येत नाही. काकांनी मला पकडलं ते म्हणूनच.

आपल्या जुन्या कागदांना इंग्रजी ‘व्हेअरॅज’ लागत नव्हतं, तेव्हा काय होतं? माझ्या आजोबांच्या पेटीत शेताचं एक खरेदीखत आहे. लिहून घेणार, लिहून देणार, आणि मग ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’. बोलताना ‘ऐसा जे’ कुणी म्हणत नाही, पण दस्तलेखकाच्या कीबोर्डावर अजून ते जिवंत आहे. त्याचं काम थोडं वेगळं. ‘व्हेअरॅज’ कारणं आधी सांगतं. ‘ऐसा जे’ म्हणतं, आता ऐका.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. कागदात ‘व्हेअरॅज’ खाली जे लिहिलंय, त्याला कायद्यानं किती वजन? सोळाव्या शतकातले इंग्लिश न्यायाधीश डायर म्हणायचे की, प्रस्तावना ही कायदा करणाऱ्यांच्या मनाची किल्ली आहे. किल्लीनं दार उघडतं, पण किल्ली म्हणजे घर नव्हे. करारांच्या बाबतीत १८८६ च्या एका निकालात इंग्लिश न्यायाधीश लॉर्ड ईशरनं हे सोपं करून ठेवलंय. मुख्य कलम स्पष्ट असेल, तर प्रस्तावना काही का म्हणेना, कलम चालेल. दोन्ही स्पष्ट असून एकमेकांशी भांडत असतील, तरी कलमच चालेल. कलम गुळमुळीत आणि प्रस्तावना स्पष्ट असेल, तेव्हा मात्र प्रस्तावनेचं ऐकायचं.

आणि कधी कधी प्रस्तावना कायद्यापेक्षा जास्त जगते. इंग्लंडमध्ये १६०१ मध्ये धर्मादाय मालमत्तेच्या गैरवापराविरुद्ध एक कायदा झाला. त्याच्या ‘व्हेअरॅज’मध्ये लोक कशाकशासाठी दान देतात त्याची यादी होती: म्हातारी, अपंग, गरीब माणसं, जखमी शिपाई, शाळा, पूल, बंदरं, रस्ते, अनाथांचं शिक्षण, गरीब मुलींची लग्नं. कायदा १८८८ मध्ये रद्द झाला, पण ती यादी मुद्दाम राखून ठेवली, कारण धर्मादाय कशाला म्हणायचं याचा दुसरा मापदंडच न्यायालयांकडे नव्हता. त्या यादीवरून १८९१ मध्ये चार गट पाडले गेले: गरिबी, शिक्षण, धर्म, आणि इतर लोकहित. आपल्या राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात ‘गरिबीचे किंवा संकटाचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, सार्वजनिक उपयोगाचा इतर कोणताही उद्देश’ असे शब्द दिसतात, त्यांची पणजी ती यादी. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत रांगेत उभ्या असलेल्या गणेश मंडळाच्या खजिनदाराला हे कुणी सांगितलं, तर तो आधी टोकन नंबर किती झाला ते विचारेल.

शेवटचा किस्सा घरचा. फ्लॅट घेताना बिल्डरबरोबर जो करार होतो, त्याचा नमुना महाराष्ट्रात नियमांनी ठरवून दिलेला आहे. पहिली कित्येक पानं ‘अँड व्हेअरॅज, अँड व्हेअरॅज’. जमीन कुणाची, परवानगी कधी मिळाली, वास्तुविशारद कोण, चटईक्षेत्र किती. लोक तिथे न थांबता रकमेच्या पानावर जातात. मीही गेलोच असतो. पण सवयीनं बोट फिरवत होतो आणि एका ‘व्हेअरॅज’वर अडकलो: ज्याअर्थी, खरेदीदाराच्या मागणीवरून प्रवर्तकाने त्यास जमिनीच्या मालकीहक्काची सर्व कागदपत्रे आणि वास्तुविशारदाने तयार केलेले नकाशे व तपशील तपासण्यास दिले आहेत.

मी मागणी केली नव्हती. त्यांनी काही दाखवलंही नव्हतं. सही केली असती तर दोन्ही झालं होतं.

टेबलापलीकडच्या मुलाला म्हटलं, “हे दिलेलं नाही तुम्ही.” तो म्हणाला, “सर, ते सगळ्यांच्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतं. नमुनाच आहे तो.”

“आहे ना. मग द्या.”

तो आत गेला, कुणाशी तरी फोनवर बोलला. शनिवारी या म्हणाला. शनिवारी फाईल मिळाली, सातबारा, शोध अहवाल, मंजूर नकाशे, सगळं. दोन तास बायको आणि मी ती चाळत बसलो, मध्ये त्यानं चहा मागवला. सोमवारी सह्या केल्या.